मोठ्या कंपनीसोबत मिळून प्रॉडक्ट बनवताय? या चुका टाळा

चाकण-भोसरीकडच्या छोट्या युनिटवाल्यांशी सरकारी मदतीचा विषय काढला की पहिला प्रश्न हमखास 'ग्रँट किती मिळते?' पण माझ्या मते खरी मदत आहे ती कंटाळवाण्या नियमांत, आणि तिथेच आपले लोक ढिले पडतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आधी डेमो, मग पेटंट. एक्स्पोत मशीन चालवून दाखवलं, यूट्यूबला व्हिडिओ टाकला, की नावीन्य गेलं म्हणून अर्ज अडकू शकतो. प्रोव्हिजनल म्हणजे प्राथमिक अर्ज आधी टाका ना, पूर्ण स्पेसिफिकेशनला (शोधाचं सविस्तर वर्णन) 12 महिने मिळतात, आणि ऑनलाइन फी छोट्या उद्योगाला 1600 रुपये आहे, मोठ्या कंपनीला 8000. फक्त फॉर्म 28 (छोटा उद्योग असल्याचं सांगणारा) आणि उद्यम सर्टिफिकेट (लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचं) जोडायला विसरू नका.

दुसरं, 'पेटंट जॉइंट ठेवूया' ऐकायला गोड वाटतं. पण पेटंट कायद्याचं कलम 50 बघा, वेगळं काही ठरलं नसेल तर दोघंही आपापलं प्रॉडक्ट बनवून विकू शकतात, तिसऱ्याला लायसन्स द्यायचं तर मात्र समोरच्याची संमती लागते. म्हणजे मोठी कंपनी तुम्हाला एक पैसा न देता बनवत बसणार आणि तुम्ही तिच्या स्पर्धकाला तिच्या संमतीशिवाय लायसन्सही देऊ शकत नाही! त्यामुळे तुमचं आधीचं काय, नवीन काय आणि कोणाला विकता येईल हे एमओयूतच (सुरुवातीच्या सामंजस्य करारात) लिहून घ्या.

पेमेंट अडकलंय? सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल तर लेखी करार असला तरी माल किंवा काम स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या पुढे जाता येत नाही, करारच नसेल तर 15, आणि उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. अशा थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार टाकता येते. पण उद्यम नोंदणी पीओच्या (खरेदीच्या ऑर्डरच्या) आधीची हवी, नंतर केली की वाद सुरू. आणि पायलट, म्हणजे चाचणीपुरतं पहिलं काम, 'फुकट करून देतो' म्हणालात तर मागणार कशाचं?

आता ग्रँट. संरक्षण खात्याच्या आयडेक्समध्ये (नव्या संरक्षण तंत्रज्ञानाला मदत करणारी योजना) साध्या चॅलेंजला दीड कोटीपर्यंत मिळू शकतात, पण टप्प्याटप्प्याने, आणि स्वतःचा हिस्सा घालावा लागतो, ती सोय अर्जाआधीच बघा.

सरकारी टेंडरमध्ये टर्नओव्हरची अट आडवी येत असेल तर स्टार्टअपला सवलत देता येते, पण ती आपोआप लागू होईलच असं नाही, प्री-बिड मीटिंगच्या (टेंडर भरण्याआधीच्या शंका-बैठकीच्या) आधी लेखी विचारा.