जुन्या स्पोर्ट्स कारचा तळ साफ करताना: आधी कोरडे, मग ओले

जुन्या गाडीच्या तळावर बसलेला तेल-मातीचा थर काढायचा म्हटले की पुण्यात हमखास दोन सल्ले मिळतात. एक म्हणजे रॉकेल ओतून ब्रशने घासा, आणि दुसरा म्हणजे वॉशिंग सेंटरला नेऊन प्रेशरने धुऊन घ्या आणि वरून डिझेलचा फवारा मारून घ्या. साठ-सत्तर सालच्या स्पोर्ट्स कारसाठी हे दोन्ही सल्ले घातक आहेत. माझ्याकडे एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. ही गाडी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार होत असे आणि तिला वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, बाजूच्या पोकळ सिल (दारांखालच्या लांब पेट्या) आणि त्यांचे जोड हाच तिचा सांगाडा आहे. त्या जोडांत पाणी किंवा चिखल शिरून बसला, तर गंज आतून सुरू होतो आणि बाहेर दिसेपर्यंत पत्रा गेलेला असतो.

हे काम डिसेंबर-जानेवारीत करावे. पावसाळ्यात ते करूच नये, कारण आषाढातल्या दमट हवेत उघडा पडलेला पत्रा एका रात्रीत तांबूस होतो.

गाडी चारही बाजूंनी मजबूत स्टँडवर घ्यावी आणि बॅटरी सोडवावी. सोडवताना अर्थची वायर आधी काढावी, आणि १९६७ पर्यंतच्या एमजीबीत ती ऋण नव्हे तर धन टोकाला असते हे ध्यानात ठेवावे. उजव्या मागच्या चाकाच्या पुढे असलेला एसयू कंपनीचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट बांधून घ्यावा.

आता खरे काम, आणि इथे माझा सल्ला ठाम आहे: पहिला संपूर्ण दिवस एक थेंबही द्रव वापरू नये. पहिल्यांदा मी नेमके उलटे केले होते. तीन-चार लिटर रॉकेल पुढच्या क्रॉसमेंबरवर, म्हणजे पुढच्या चाकांमधल्या आडव्या तुळईवर ओतले, थर मऊ झाला आणि मला वाटले काम सोपे झाले. प्रत्यक्षात त्या थराचे काळे पातळ पीठ झाले आणि ते उताराने सिलच्या तळाशी असलेल्या निचऱ्याच्या भोकांकडे गेले. भोके बुजली. पुढच्या पावसात आत गेलेले पाणी बाहेर पडलेच नाही. दोन वर्षांनी डाव्या सिलला स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो सरळ आत गेला. पत्रा कापून नवा जोडण्याचे काम मला जितके महाग पडले, त्यापुढे खरवडण्याचे आठ तास काहीच नाहीत.

थंडीत हा थर कसा असतो ते एकदा जवळून पाहावे. क्रॉसमेंबरच्या कोपऱ्यातला एक तुकडा मी अखंड काढला होता, चांगला दोन बोटे जाड. वरचा पदर रस्त्यावरच्या धुळीचा, खाकी आणि कोरडा. मधला काळा, चिवट, त्यात बारीक खडी रुतलेली. आणि पत्र्याला चिकटलेला सर्वांत आतला पदर तपकिरी आणि अजून ओलसर. तो निघाला तेव्हा खाली गाडीचा मूळ हिरवा रंग जसाच्या तसा होता. वय झालेल्या इंजिनातून झिरपणाऱ्या तेलाने गाडीचा पुढचा भाग वर्षानुवर्षे राखलेला असतो आणि जिथे तेल पोचत नाही तो मागचा भाग सडतो. म्हणूनच थर काढणे म्हणजे पत्र्याचे एक संरक्षण काढून घेणे आहे, आणि त्याच्या जागी दुसरे देण्याची तयारी नसेल तर या कामाला हात घालू नये.

पुण्यात जानेवारीच्या सकाळी गारठा असतो तेव्हा हा थर कडक होतो आणि त्याच्या खपल्या निघतात. तोच थर दुपारी एप्रिलच्या उन्हात खरवडला तर तो नुसता पसरतो. त्यामुळे सकाळी सहा ते दहा खरवडावे आणि ऊन चढले की थांबावे. सपाट भागासाठी जुने पोलादी उलथणे कडेला कानस मारून घेतले, तर बाजारातल्या कुठल्याही खास हत्यारापेक्षा चांगले चालते. ब्रेकचे पाईप, पेट्रोलची नळी आणि रबरी होजपाईप यांच्या आसपास मात्र लोखंड अजिबात नेऊ नये. तिथे बांबूची कामटी तासून वापरावी. ब्रेकच्या पोलादी पाईपवर पडलेला ओरखडा म्हणजे गंजाला दिलेले आमंत्रण असते. कामटी मोडली तर दुसरी तासता येते. पाईप फुटला तर तो ऐन घाटात फुटतो.

मागच्या भागात बहुधा जुन्या अंडरकोटिंगचा, म्हणजे गंज रोखायला तळाला मारलेल्या लेपाचा, डांबरी थर भेटतो. तो सरसकट काढण्याचा आग्रह धरणाऱ्यांचे मला पटत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळावर ठोकत जावे. आवाज भरीव आला तर थर पत्र्याला घट्ट धरून आहे, त्याला हात लावू नये. बद्द आवाज आला तर आत हवा आणि ओल आहे, तेवढाच भाग काढावा. त्यासाठी हीट गनने थर कोमट करावा, इतकाच की उलथण्याखाली त्याची पट्टी सुटून येईल. धूर निघू लागला तर उष्णता जास्त झाली. पेट्रोलच्या टाकीजवळ आणि नळीजवळ हीट गनही नको, आणि गॅसची ज्योत तर तळाखाली कुठेच नको. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून हा थर उडवू नये, कारण जुन्या अंडरकोटिंगमध्ये आणि ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि त्याची धूळ फुप्फुसात जाते. ब्रेकच्या ड्रमजवळची धूळ हवेने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी, मास्क लावावा आणि डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण खपल्या थेट तोंडावर पडतात.

खरवडून झाले की सिलची आणि दारांच्या खालची निचऱ्याची भोके एकेक करून तारेने मोकळी करावीत. क्लच हाऊसिंगच्या बुडाला असलेले भोकही तपासावे. ते बुजले तर झिरपलेले तेल आत साठून क्लचपर्यंत पोचते.

त्यानंतरचे धुणे सोपे आहे. पाण्यात मिसळणारा सौम्य डिग्रीझर (तेलकटपणा काढणारे द्रावण) डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात घ्यावा, ब्रशने लावावा आणि सुकू न देता बागेच्या नळीने साध्या दाबाने धुवावा. कॉस्टिक सोडा वापरू नये, तो गिअरबॉक्सचे ॲल्युमिनियम खातो. प्रेशरचा फवारा बेअरिंग, ऑइल सील आणि पत्र्याच्या जोडांत पाणी घुसवतो.

डिझेलबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण ही सवय आपल्याकडे फार खोल रुजली आहे. ब्रेकमधले रबर ब्रेक ऑइलसाठी बनवलेले असते आणि डिझेल-रॉकेलसारख्या खनिज तेलाने ते फुगते. एका गॅरेजने मला न विचारता धुतल्यावर तळाला डिझेल मारले, आणि काही महिन्यांत ब्रेकचे तिन्ही होजपाईप बोटांनी दाबले जातील इतके मऊ झाले. तिन्ही बदलावे लागले. तेव्हापासून गाडी धुवायला मी कुणाकडेच सोडत नाही.

काढलेल्या खपल्या आणि तेलकट पाणी गटारात सोडू नये. सहकारनगर-पर्वतीच्या बाजूचे पाणी आंबील ओढ्यातून मुठेला मिळते, इतर भागांतलेही शेवटी नदीतच जाते. २०१६च्या नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा आहे. तो डब्यात साठवून, अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याला तेल देणाऱ्या गॅरेजकडे द्यावा.

तळ पूर्ण सुकवावा, त्यासाठी दोन दिवसांचे ऊन आणि जोडांवर ब्लोअर लागतो. गंजाच्या जागी फॉस्फोरिक ॲसिडचे, गंज थोपवणारे रस्ट कन्व्हर्टर, त्यावर झिंक प्रायमर आणि रंग, आणि सिलच्या पोकळीत मेणाचा फवारा, हा क्रम मोडू नये. पुढची चाके ज्यावर वळतात त्या स्विव्हल पिनला प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल (ग्रीस भरायची तोंडे) असतात आणि हँडब्रेकच्या केबलला एक. या सगळ्यांत धुतल्यानंतर नवे ग्रीस भरणे सक्तीचे समजावे.

शेवटी इंजिनपासून डिफरन्शियलपर्यंत गाडीखाली जुनी वर्तमानपत्रे पसरावीत, गाडीची वीस किलोमीटरची फेरी मारून ती पुन्हा त्यांवर बरोबर त्याच जागी उभी करावी आणि सकाळी पाहावे. तळ स्वच्छ असल्यामुळे आता प्रत्येक डागाच्या सरळ वर त्याचे उगमस्थान दिसते. माझ्या गाडीत कित्येक वर्षे इंजिनाच्या मागच्या सीलवर घेतलेला संशय अशा एका रात्रीत फिटला. तेल गळत होते ते वरून, इंजिनाच्या बाजूला असलेल्या टॅपेटच्या झाकणाच्या गॅस्केटमधून.