काउंटरवरचं दम्याचं अ‍ॅप: नव्या फार्मासिस्टसाठी चार गोष्टी

नाशिकच्या सातपूर-अंबडकडच्या एखाद्या मेडिकलमध्ये लागलात आणि मालकांनी दम्याचं सल्ला देणारं अ‍ॅप टॅबवर टाकून दिलं, की सुरुवातीला भारी वाटतं. पाच प्रश्न, लगेच स्कोअर. १९ किंवा खाली आला की लाल पट्टी, ‘दमा आटोक्यात नाही’. प्रश्न गेल्या चार आठवड्यांचे आहेत हे आधी सांगा, नाहीतर निफाडच्या थंडीतून आलेला माणूस फक्त कालच्या रात्रीचं सांगतो.

खरी गोची पुढे आहे. अ‍ॅप विचारतं, ‘पंप नीट घेता येतो का?’ पेशंट म्हणतो, ‘एवढी वर्षं घेतोय की!’ तुम्ही टिक करता आणि तिथेच फसता. कारण आता अ‍ॅपच्या लेखी एकच अर्थ उरतो: औषध कमी पडतंय. प्रत्यक्षात ते छातीत पोचतच नसतं. म्हणून विचारू नका, घेऊन दाखवायला सांगा. स्प्रेचा पंप हलवून, श्वास पूर्ण सोडून, दाबता दाबता हळू आणि खोल ओढायचा. कॅप्सूल टाकून ओढायच्या यंत्रात मात्र जोरात आणि खोल. नंतर दोन्हीकडे दहा सेकंद श्वास रोखायचा. अ‍ॅपमध्ये यंत्र चुकीचं निवडलंत, तर ते खुशाल उलटी सूचना देतं. आमच्याकडच्या एका आजी ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायच्या. बिलावर औषधखरेदी मात्र अगदी वेळेवर!

शनिवार-रविवारच्या सर्टिफिकेट कोर्सला पैसे घालू नका, असं माझं मत. एमआरकडून, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीकडून, रिकामा डेमो पंप मागून घ्या आणि दुकानातल्या जुन्या माणसासमोर स्वतः घेऊन दाखवा. हात लवकर बसतो, घाबरू नका.

निळ्या पंपाच्या, म्हणजे लगेच आराम देणाऱ्या सालब्युटामॉलच्या, बिलांवर मात्र डोळा ठेवा. २०० डोसचे तीन-चार पंप वर्षात संपत असतील तर धोका वाढलेला असतो. नुसत्या सालब्युटामॉलवर मोठ्यांचा दमा सांभाळू नका, असं ‘जिना’ या दम्यावरच्या संस्थेची जागतिक मार्गदर्शिका २०१९ पासून सांगते. पण औषध बदलणं आपलं काम नाही. आणि समोरच्याला दम लागून वाक्य पुरं करता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर टॅब बाजूला ठेवून थेट सिव्हिलला किंवा जवळच्या हॉस्पिटलला पाठवा.

डॉक्टरांना चिठ्ठी देताना ‘अ‍ॅपनुसार अनियंत्रित’ लिहू नका, ती कोणी वाचत नाही. लिहा: ‘पंप दाबल्यावर श्वास उशिरा ओढतात. आज शिकवलं. निळा पंप महिन्याला एक लागतो. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरत नाहीत, तोंड आलंय.’ यावर आम्हाला उलट फोन येतात.