मन देवाजवळ थांबत नाही? या चुका टाळा

संध्याकाळी मंदिरात हरिपाठ चालू असतो, हातात टाळ असतात आणि मनात कापसाचा भाव नाहीतर सोसायटीचा हप्ता. घरी आल्यावर आपण म्हणतो, ‘एवढं करतो, पण जिवाला शांतता नाही.’ मीही बरीच वर्षं हेच म्हणत होतो. माझ्या कुठल्या चुका होत होत्या, ते लिहितो.

देवापुढे राग लपवणे

चोपडा तालुक्यात आमची केळी. एका जूनमध्ये घड कापणीला आले आणि वादळानं अर्ध्या तासात बाग आडवी केली. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा देवघरात बसलो. दिवा लावला, माळ घेतली. आत मात्र नुसती आग. महिनाभर असंच चाललं. मणी बरोबर मोजले जायचे, झोप येत नव्हती. माय बघत होती. एक दिवस म्हणाली, “मनमा शे ते देवले सांगी टाक.”

त्या संध्याकाळी माळ खाली ठेवली आणि देवाशी भांडलो, अगदी मोठ्यानं. घड चिखलात कसे लोळत होते, मजुरी कुठून द्यायची, सगळं बोललो. रडलोही. नुकसान होतं तेवढंच राहिलं, पण त्या रात्री डोळा लागला. देवाला आपण साहेबासारखं भेटतो, नीट कपडे करून, मोजकं बोलून. मायजवळ बोलतो तसं त्याच्याशी बोलून पाहा.

एका दिवसात सगळे देव

सकाळी आडगावची मनुदेवी, दुपारी पद्मालयाचा गणपती, जमलं तर पुढे आणखी एखादं ठाणं. गाडीतून उतरायचं, हात जोडायचे, फोटो काढायचा, पुन्हा गाडीत. अंग आंबून जातं, हाती काही लागत नाही. एकच ठिकाण धरा आणि तिथे तासभर बसा. पद्मालयाला तळ्याच्या काठी नुसतं बसलं तरी श्वास संथ होतो.

मन भटकलं म्हणून जप सोडणे

मन सगळ्यांचंच भटकतं. लक्षात आलं की पुन्हा नामावर यायचं, स्वतःला शिव्या द्यायच्या नाहीत. रात्री डुलकी येत असेल तर पहाटे बसा. दहा मिनिटं पुरतात, फक्त वेळ रोजची तीच ठेवा.

शांतता हवी म्हणून दार लावून घेणे

ही चूक मला सगळ्यात उशिरा कळली. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून मोठ्या भावाशी वाजलं आणि दोन वर्षं बोलणं बंद. मी अध्यात्माकडे वळलो असं लोक म्हणायचे. खरं तर मी त्याचं तोंड बघायला नको म्हणून देवघरात बसायचो.

पुढे मुक्ताईनगरला गेलो. तापीकाठच्या या भागातच 1297 साली विजेच्या कडकडाटात मुक्ताई अंतर्धान पावल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. तिथे ताटीच्या अभंगांवर कीर्तन होतं. लोकांच्या बोलण्यानं दुखावलेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसतात आणि धाकटी बहीण बाहेरून विनवते, ताटी उघडा. केवढ्या योग्याला ती हे सांगते! कीर्तनभर मला माझ्या देवघराचं लोटलेलं दार दिसत राहिलं.

म्हणून आता जपाआधी एक बघतो. कुणाचं नाव आठवलं की छातीत कळ येते? त्याला आधी फोन. जमलं नाही तर निदान त्याचं बरं होवो, एवढं देवापुढे म्हणतो. पहिले काही दिवस हे शब्द जिभेवर यायचेच नाहीत.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, बसते आणि रोटांना, म्हणजे तिच्या प्रसादाच्या जेवणाला, भाऊबंद एकत्र लागतात. दोन वर्षं दादाचं ताट मांडलं गेलं नव्हतं. त्या श्रावणात मी त्याच्या ओट्यावर गेलो आणि म्हणालो, “दादा, कानबाईना रोटले चाल.” तो काही बोलला नाही. खुंटीवरची टोपी काढली आणि पायात चपला सरकवल्या.