इओसिनचा गुलाबी रंग नीट यायला हवा असेल तर

हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे शरीरातल्या तुकड्यांचे पातळ काप रंगवून तपासायच्या कामात, नव्याने येणारी मुलं-मुली हिमॅटॉक्सिलिन या केंद्रक निळं करणाऱ्या रंगाची फार काळजी घेतात. किती मिनिटं ठेवायचं, ॲसिड अल्कोहोलमध्ये किती वेळा बुडवायचं, ब्लूइंग (रंग निळा करणं) झालं की नाही, सगळं वहीत टिपलेलं असतं. बाकीची पेशी गुलाबी करणाऱ्या इओसिनपुढे मात्र एकच ओळ असते: 'दोन मिनिटं'. बेळगावात इतकी वर्षं स्लाइड रंगवल्यावर माझं मत असं झालंय की पारखी नजर खरी इओसिनसाठीच लागते. केंद्रक निळं आलं नाही तर ते कुणालाही दिसतं. इओसिनमध्ये चुकलेली स्लाइड वरवर छान गुलाबी दिसते आणि डॉक्टरांच्या मायक्रोस्कोपखाली गेल्यावर अडते. म्हणून खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणीकडून डीएमएलटी किंवा बीएस्सी एमएलटी हे लॅब तंत्रज्ञाचे कोर्स करून येणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

इओसिन हा मूळचा कापडाचा रंग. 1871 साली आडोल्फ फॉन बायर यांनी फ्लुओरेसिन तयार केलं. 1874 मध्ये हाइनरिश कारो यांनी त्याच्यात ब्रोमिन घालून इओसिन बनवलं आणि रेशीम, लोकर रंगवायला ते बाजारात आलं. दोनच वर्षांत, 1876 मध्ये, हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन एकत्र वापरण्याची पद्धत लिहिली गेली. आज जगभर बहुतेक सगळ्या बायोप्सी आधी याच जोडीने रंगवल्या जातात. आमच्याकडे बेळगावातल्याच वडगाव-शहापूरच्या विणकर घरांतली मुलं शिकायला येतात, त्यांना यातलं रसायन पटकन समजतं. आम्लधर्मी रंग रेशमावर बसतो, सुतावर धरत नाही, आणि रंगाच्या पाण्यात आम्ल लागतं, हे त्यांनी घरी पाहिलेलं असतं. रेशीम हे प्रथिन आहे. पेशीतला सायटोप्लाझम, स्नायू, कोलॅजेन हीसुद्धा प्रथिनंच. द्रावण आम्लधर्मी असलं की प्रथिनातल्या अमिनो गटांवर धन भार येतो आणि ऋण भाराचं इओसिन त्यांना चिकटतं. सगळा खेळ या भारांचा आहे.

म्हणून इओसिनच्या जारमध्ये पीएच (आम्लतेचं माप) साधारण 4.6 ते 5 असावा. त्याच्या वर गेला की प्रथिनांवरचा धन भार कमी होतो आणि रंग फिका पडतो; मग तुम्ही दोन मिनिटांऐवजी दहा मिनिटं ठेवलं तरी फारसा फरक पडत नाही. पीएच फार खाली नेला तर इओसिन विरघळलेलं राहत नाही, तळाशी बसतं. पीएच पेपरची पट्टी स्वस्त असते. रोज सकाळी स्लाइडचा रॅक लावण्याआधी एक पट्टी बुडवायची सवय लावून घ्या.

द्रावण करताना बाटलीवरचं लेबल नीट वाचा. आपल्याला लागतं ते 'इओसिन वाय', पाण्यात विरघळणारं. 'इओसिन बी' वेगळं, जरा निळसर छटेचं. स्पिरिटमध्ये विरघळणारं इथाइल इओसिनही मिळतं, ते या कृतीला चालत नाही. मी वापरते ती कृती अशी: 2 ग्रॅम इओसिन वाय 40 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये आधी पूर्ण विरघळवायचं, मग त्यात 160 मिली 95 टक्के अल्कोहोल. हा झाला स्टॉक. काम करताना एक भाग स्टॉक आणि तीन भाग 80 टक्के अल्कोहोल, आणि वापरण्याआधी दर 100 मिलीमागे अर्धा मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड. ॲसिड घातल्याबरोबर जारमधला रंग जरा दाट आणि गढूळ वाटतो, घाबरू नका. नुसत्या पाण्यातलं एक टक्का इओसिनही चालतं, पण त्यात बुरशी धरते. थायमॉलचा एक खडा टाकून ठेवावा.

आता पीएच बिघडतो कुठून? बहुतेक वेळा ब्लूइंगमधून. हिमॅटॉक्सिलिन निळं करायला आपण स्लाइड अल्कधर्मी पाण्यात ठेवतो, मग ते नळाचं पाणी असो, अमोनिया वॉटर असो किंवा लिथियम कार्बोनेट. ते पाणी रॅकच्या कोपऱ्यांत, स्लाइडच्या खाचांत अडकून थेट इओसिनमध्ये येतं. सकाळचा पहिला रॅक सुंदर येतो, दुपारचा फिका येतो, आणि मुलं म्हणतात इओसिन जुनं झालं. इओसिन जुनं झालेलं नसतं, अल्कली त्यात मिसळलेली असते. ब्लूइंगनंतर वाहत्या पाण्यात नीट धुऊन, रॅक निथळवून, 80 किंवा 95 टक्के अल्कोहोलमध्ये दहा-बारा बुडी देऊन मगच इओसिनमध्ये घाला. एवढं केलं तरी निम्म्या तक्रारी संपतात. आणखी एक, आपल्या भागासाठी मुद्दाम सांगते: बेळगाव शहरात राकसकोप किंवा हिडकल जलाशयाचं पाणी येतं, तालुक्याच्या लॅबमध्ये बोअरचं. दोन्हीचा पीएच आणि क्षार सारखे नसतात. एका ठिकाणी शिकलेली वेळ दुसऱ्या ठिकाणी जशीच्या तशी लागू पडत नाही.

इओसिननंतरचं अल्कोहोल मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण इओसिनचं डिफरन्सिएशन, म्हणजे जादा रंग काढणं, तिथंच होतं. रॅक उचलून 95 टक्क्यांत घातला की स्लाइडवरून गुलाबी रेघा खाली उतरताना दिसतात. जादा रंग निघतो तो याच वेळी. पाण्याने इओसिन झपाट्याने निघतं, 70 टक्के अल्कोहोलमध्ये लवकर, 95 मध्ये सावकाश, ॲब्सोल्यूटमध्ये (पाणी नसलेल्या अल्कोहोलमध्ये) जवळजवळ थांबतं. हा क्रम डोक्यात पक्का बसला की निम्मं काम झालं. रेघा विरळ झाल्या की पुढच्या जारमध्ये जायचं आणि ॲब्सोल्यूटमधून झायलीन या द्रावकाकडे. फार घाई केली तर सगळं एकसारखं गडद राहतं, फार रेंगाळलं तर कोलॅजेन आणि स्नायू वेगळे दिसेनासे होतात.

पावसाळ्यात बेळगाव-खानापूरकडे हवा किती ओली असते ते तुम्हाला सांगायला नको. ॲब्सोल्यूट अल्कोहोल ती ओल शोषून घेतं. जार उघडे राहिले आणि वर रॅकबरोबर पाणीही आत जात राहिलं, तर लेबलवर ॲब्सोल्यूट लिहिलेलं असलं तरी आत ते नसतं. मग शेवटच्या जारमध्येही रंग निघत राहतो आणि पुढे झायलीन दुधासारखं पांढरट होतं. जून ते सप्टेंबर अल्कोहोल लवकर बदला आणि झाकणं बंद ठेवा. अल्कोहोल वाचवायच्या नादात स्लाइड पुन्हा कराव्या लागल्या तर बचत कसली?

चांगली स्लाइड कशी ओळखायची? दहापट मोठं दाखवणाऱ्या लेन्सखाली गुलाबीच्या निदान तीन छटा दिसल्या पाहिजेत. रक्तातल्या तांबड्या पेशी सगळ्यात गडद, स्नायू आणि सायटोप्लाझम मधले, कोलॅजेन सगळ्यात फिकं. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचे दाणे नारिंगी-लाल, चमकदार. पॉल एर्लिक यांनी 1879 मध्ये या पेशी वेगळ्या ओळखल्या त्या याच रंगामुळे. छटा दिसल्या नाहीत तर निदानाला अडचण येते, आणि ही पुस्तकी गोष्ट नाही. निपाणी भागात तंबाखू आणि विडीचं काम मोठं आहे, तोंडाच्या बायोप्सी येत राहतात. स्क्वेमस कार्सिनोमा या कॅन्सरमध्ये केराटिन या प्रथिनाचे गोल थर तयार होतात, ते इओसिनने भडक गुलाबी दिसतात. सगळी स्लाइडच भडक केली असेल तर ते केराटिन उठून कसं दिसणार? बायोप्सीचा तुकडा ज्या बरणीत आला तिच्यावर ज्याचं नाव आहे तो माणूस गावाकडे रिपोर्टची वाट बघत बसलेला असतो.

इओसिनला दोष देण्याआधी मागचं बघायलाही शिका. रंगात पांढरे ठिपके किंवा न रंगलेले पट्टे असतील तर काप घेण्यासाठी तुकडा ज्या मेणात बसवतात ते पूर्ण निघालेलं नाही. स्लाइडचा एक भाग गडद, एक फिका असेल तर सेक्शन (काप) जाड-बारीक कापला गेलाय. तीन ते चार मायक्रॉनपेक्षा जाड सेक्शन कितीही सांभाळून रंगवला तरी गडदच येतो. फॉर्मेलिनमध्ये पुरेसा वेळ न राहिलेली टिश्यू कुठल्याच रंगाने समाधान देत नाही.

भाषेचं थोडं. मराठी शाळेतून आलेल्यांना पुस्तकं इंग्रजी आणि वॉर्डातलं बोलणं कन्नड, असं दोन्ही एकदम अंगावर येतं. कन्नड बोलायला आणि वाचायला शिकाच. बरणीवरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव जुळतं का, हे तुम्हाला स्वतः वाचून ठरवता आलं पाहिजे, दुसऱ्यावर अवलंबून राहू नका. वापरलेलं इओसिन, झायलीन, फॉर्मेलिन सिंकमध्ये ओतू नका. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे ते वेगळं साठवून द्यायचं असतं.

आणि लॅबमध्ये रुजू झाल्यावर आधी हे करा. सीनियरना विचारून अपेंडिक्सचा रिपोर्ट झालेला, आता लागत नसलेला एक ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) मागून घ्या. अपेंडिक्समध्ये म्युकोसा, स्नायू, कोलॅजेन, रक्तवाहिन्या सगळं एकाच सेक्शनमध्ये मिळतं, त्यामुळे कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, म्हणून तो फार उपयोगी. त्याच्या सेक्शन सारख्याच जाडीच्या कापा, हिमॅटॉक्सिलिन सगळ्यांना सारखं द्या आणि इओसिन एकीला अर्धा मिनिट, एकीला एक, एकीला दोन. डीपीएक्सने (वरची काच चिकटवायच्या द्रवाने) माउंट करून पेन्सिलीने वेळ लिहा आणि तिन्ही स्लाइड पॅथॉलॉजिस्टना दाखवा. मॅडम, यातली कुठली वाचायला सोपी जाते, असं सरळ विचारा. त्या सांगतील ती स्लाइड बंद डब्यात ठेवा, उन्हात इओसिन उडतं. नवीन द्रावण केलं की त्याच ब्लॉकची एक स्लाइड रंगवून तिच्याशेजारी ठेवून बघा, मगच पेशंटचा रॅक लावा.