कस्टम अँड्रॉइडचं एसडीके ॲप डेव्हलपरपर्यंत पोचवताना

समजा, पणजी–बेती फेरीबोटीसाठी तिकीट छापणारं हातातलं यंत्र बनवताय. अँड्रॉइडचा खुला सोर्स घेऊन त्यात प्रिंटरची स्वतःची एपीआय (ॲपने प्रिंटर वापरायच्या ठरलेल्या आज्ञा) घातली. म्हापशातल्या किंवा मडगावातल्या डेव्हलपरने त्यावर ॲप लिहायचं, तर त्याला नक्की काय द्यायचं?

गूगलचं एसडीके (ॲप लिहायच्या साधनांचा संच) झिप करून मुळीच देऊ नका. ते वाटायला आणि त्यावरून दुसरं एसडीके बनवायला त्याच्या परवान्यातच मनाई आहे. मूळ एसडीके डेव्हलपरने स्वतः उतरवावं. आपण फक्त ॲड-ऑन द्यावं, तेही एओएसपीतून (अँड्रॉइडच्या खुल्या सोर्समधून) स्वतः बिल्ड केलेलं: लायब्ररीचे स्टब (आत काम नसलेले, फक्त मेथडची नावं सांगणारे सांगाडे), माहितीपत्रं आणि एम्युलेटरची (संगणकावर चालणाऱ्या नकली यंत्राची) सिस्टिम इमेज. बिल्डच्या मशीनला ४०० जीबी मोकळी डिस्क आणि ६४ जीबी रॅम लागते. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून यूपीएस हवाच.

एपीआय अँड्रॉइडच्या मूळ क्लासमध्ये घुसवू नका, स्वतःच्या पॅकेजची वेगळी लायब्ररी करा. सूंगमध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या बिल्ड व्यवस्थेत, ती 'जावा एसडीके लायब्ररी' म्हणून नोंदवली की स्टब आणि परमिशनची एक्सएमएल (यंत्राला लायब्ररीची ओळख देणारी फाइल) आपोआप बनते. सोबत एपीआयची नोंद ठेवणारी टेक्स्ट फाइलही येते. एखाद्या मेथडची सिग्नेचर (नाव, इनपुट, आउटपुट) बदलली आणि ही फाइल बदलली नाही, तर बिल्ड अडतो. ही तपासणी कधीही बंद करू नका, जुनी ॲप तिच्यामुळेच वाचतात.

डेव्हलपरला दोन गोष्टी ठळकपणे सांगा. ग्रेडलमध्ये (ॲप बिल्ड करणाऱ्या साधनात) स्टब 'कंपाइल ओन्ली' घ्यायचे आणि मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये) 'युजेस लायब्ररी' लिहायचं. 'इम्प्लिमेंटेशन' घेतलं तर स्टब एपीकेत (ॲपच्या इन्स्टॉल फाइलमध्ये) शिरतात आणि लायब्ररी नसलेल्या फोनवर मेथड वापरताच 'स्टब!' म्हणत ॲप कोसळतं. यंत्रात परमिशनची एक्सएमएल गेली नसेल, तर शेअर्ड लायब्ररी सापडत नाही म्हणून ॲप इन्स्टॉलच होत नाही.

पोचवायला साधा एचटीटीपीएस सर्व्हर पुरतो. त्यावर झिप आणि एक एक्सएमएल ठेवा. एक्सएमएलमध्ये झिपचा पत्ता, आकार, एसएचए-१ चेकसम (फाइल बदलली का ते ओळखायचा आकडा), एपीआय लेव्हल (अँड्रॉइडच्या आवृत्तीचा क्रमांक) आणि रिव्हिजन हवं. डेव्हलपर या एक्सएमएलचा पत्ता अँड्रॉइड स्टुडिओच्या एसडीके मॅनेजरमध्ये, 'अपडेट साइट्स'मध्ये टाकतो. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो: त्याच नावाने नवी झिप चढवली जाते, चेकसम जुनाच राहतो आणि डाऊनलोड नाकारलं जातं. प्रत्येक आवृत्तीला नवं फाइलनाव द्या, रिव्हिजन वाढवा, आधी झिप चढवा, मग एक्सएमएल. पेन ड्राइव्हवर देणार असाल तर तो एक्सफॅट करा, कारण फॅट३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

सिस्टिम इमेज दोन लागतात: इंटेल-एएमडीसाठी एक्स८६-६४ आणि ॲपलच्या एम मालिकेसाठी आर्म६४. एम्युलेटरला प्रिंटर नसतो, तेव्हा तिकीट फाइलमध्ये लिहिणारा खोटा एचएएल (अँड्रॉइड आणि हार्डवेअर यांना जोडणारा कोड) त्यात घाला. कागद संपल्याची चूकही त्याला मुद्दाम दाखवता आली पाहिजे, नाहीतर ती पहिल्यांदा फेरीवरच दिसेल.

प्लॅटफॉर्मची सही-की (सिस्टिमवर डिजिटल सही करायची गुप्त किल्ली) कोणालाही देऊ नका. एओएसपीतल्या टेस्ट-की साऱ्या जगाकडे आहेत, म्हणून विक्रीच्या यंत्राला त्या वापरू नका. ठराविक कंपन्यांनाच एपीआय उघडायची असेल, तर अँड्रॉइड १२पासून परमिशनला 'नोन सायनर' (ओळखीचा सही करणारा) लावून त्यांच्या सर्टिफिकेटचे डायजेस्ट (ओळखीचे ठसे) नोंदवता येतात.

पाठवण्याआधी ज्या लॅपटॉपवर एसडीके कधीच नव्हतं, अशा लॅपटॉपवर तुमच्याच सूचना पाळून नमुना ॲप चालवून बघा.