दत्तक लेकीला परदेशातून आणताना

परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा. कोर्टाचा आदेश, बाळाचा पासपोर्ट, व्हिसा, यांतलं एखादं काम लांबू शकतं. दोन्ही देश १९९३ च्या हेग दत्तक करारात असतील, तर कलम २३ चं प्रमाणपत्र मागून घ्या. त्या आधारे करारातल्या इतर देशांत दत्तकविधान मान्य होतं. मूळ कागद हातातल्या बॅगेत.

पण कागदांइतकंच महत्त्वाचं म्हणजे तिला सांभाळणाऱ्या बाईंशी निवांत बोलणं. दूध कोणतं, किती वाजता, झोपवतात कसं, रडली तर काय करतात, सगळं लिहून घ्या. तिचं वापरातलं एखादं दुपटं मागा आणि धुऊ नका. अनोळखी हातांत तो वास तिला ओळखीचा असतो. विमान चढता-उतरताना बाटली द्या, गिळल्यानं कानांतले दडे सुटतात.