जामीनदाराशिवाय शैक्षणिक कर्ज काढताना

शाखेत गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "जामीनदार कोण?" मग पालक एखाद्या नोकरदार नातेवाइकाच्या मागे लागतात. त्याआधी तीन शब्द वेगळे करून घ्या. तारण म्हणजे घर, जमीन, ठेव. जामीनदार म्हणजे तुमचं कर्ज थकलं तर भरणारा तिसरा माणूस. सहकर्जदार म्हणजे आई किंवा वडील, जे विद्यार्थ्याबरोबर सही करतात. कर्ज बुडलं तर बँकेला भरपाईची हमी देणारी केंद्राची योजना आहे. या हमी योजनेत ७.५ लाखांपर्यंतच्या कर्जाला पहिले दोन लागत नाहीत. तिसरा मात्र बँका बहुधा मागतातच, आणि ती मागणी नियमाला धरूनच असते. जाहिरातीतलं "जामीनदार नको" वाचून वडिलांची सहीही लागणार नाही असं समजू नका.

सर्वात सोयीची वाट नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेची. तिच्यात तारण नाही, जामीनदारही नाही. ७.५ लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्र सरकार ७५ टक्के हमी देतं. पण कॉलेज योजनेच्या यादीत हवं. ही यादी एनआयआरएफ, म्हणजे केंद्राने लावलेल्या उच्च शिक्षण संस्थांच्या क्रमवारीवरून दरवर्षी ठरते, त्यामुळे मोठ्या भावाच्या वेळी असलेलं नाव तुमच्या वर्षी असेलच असं नाही. प्रवेशही गुणवत्तेवर किंवा प्रवेश परीक्षेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातला चालत नाही. कॉलेज यादीत नसेल तर बँकेच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्जात हमी योजनेखाली ७.५ लाखांपर्यंत अर्ज करा.

अर्ज पीएम-विद्यालक्ष्मीच्या पोर्टलवरून होतो. सोबत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, प्रवेश मिळाल्याचं पत्र, कॉलेजच्या लेटरहेडवर वर्षवार फीचा तक्ता, विद्यार्थी आणि सहकर्जदार दोघांचे आधार-पॅन आणि उत्पन्नाचे पुरावे लागतात. बरेच अर्ज अडतात ते फीच्या तक्त्यापाशी. कॉलेज फक्त पहिल्या वर्षाची पावती देतं आणि बँकेला पूर्ण अभ्यासक्रमाचा खर्च हवा असतो. वसतिगृह, पुस्तकं, लॅपटॉप हे सगळं त्यात पहिल्याच दिवशी घालून घ्या, नंतर रक्कम वाढवून घेणं जिकिरीचं. साधारणपणे ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही. त्यापुढे देशातल्या शिक्षणाला ५ टक्के, आणि शिष्यवृत्ती त्यात धरता येते.

व्याजाचं गणित अर्जाआधीच कागदावर मांडा. समजा चार वर्षं दरवर्षी दीड लाख, म्हणजे एकूण ६ लाख, दर ९ टक्के. हप्ते अभ्यासक्रम संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून सरळव्याजाने चढतं. पाच वर्षांत ते १,८९,००० होतं. ते मुद्दलात मिळालं, तर १० वर्षांचा हप्ता जवळपास १०,००० रुपये. शिकत असतानाच व्याज भरत गेलात, तर ७,६००. पहिल्या वर्षी ते महिन्याला फक्त १,१२५ रुपये असतं. झेपत असेल तर हे जरूर करा.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंत, ३ टक्के व्याजसवलत मिळू शकते. वरच्या उदाहरणात ती ६३,००० रुपये भरते. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो सेतू केंद्रातून वेळेत काढा, कारण प्रवेशाच्या दिवसांत तिथे रांग असते. महाराष्ट्रातल्या मुलांनी एक गोष्ट पाहावी: राजर्षी शाहू महाराज योजनेसारखी शुल्कसवलत घेत असाल तर ही व्याजसवलत मिळत नाही. दोन्हींची रक्कम शेजारी लिहून बघा, बहुतेक वेळा शुल्कसवलतच मोठी निघते.

नकार येतो तो बऱ्याचदा सहकर्जदाराच्या सिबिलमुळे, म्हणजे जुनी कर्जं फेडण्याच्या नोंदीवरून मिळणाऱ्या गुणांमुळे. वडिलांचं जुनं क्रेडिट कार्ड थकलेलं असेल, तर आईला सहकर्जदार करता येईल का हे अर्जाआधीच विचारा, कारण अर्ज नाकारल्यावर सगळं पुन्हा सुरू करावं लागतं. "आमच्या शाखेच्या हद्दीत राहत नाही" हे नकाराचं कारण होऊ शकत नाही. योजनेत बसणाऱ्या कर्जाला शाखेने जामीनदार, मुदतठेव किंवा विमा पॉलिसीची अट घातली, तर तोंडी वाद घालू नका. ती मागणी लेखी द्यायला सांगा. लेखी तक्रारीला बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तीही फी न भरता. अर्जाचा क्रमांक आणि तक्रारीची पोच तेवढी जपून ठेवा.